चार रकान्यांची शिस्त: असेंब्लीचा कोड पुढच्या माणसाला वाचता यावा म्हणून

सोलापुरात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याचं जुनं जर्नल उघडा आणि ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची प्रॅक्टिकलं पाहा. पान उभ्या रेघांनी आखलेलं असतं. मेमरीतला पत्ता, हेक्स कोड (आज्ञेचा सोळाच्या पटीत लिहिलेला आकडा), लेबल (त्या जागेचं नाव), निमोनिक (आज्ञेचं आखूड नाव) आणि शेवटी शेरा. पट्टी धरून, पेन्सिलीने. रकाना चुकला तर सही मिळत नाही, म्हणून का होईना, सगळे ते पाळतात. तोच विद्यार्थी नोकरीला लागतो, समोर एडिटर येतो आणि रेघा संपतात. आज्ञा डावीकडे चिकटतात, लेबलं त्यांच्यातच मिसळतात, शेरे जागा मिळेल तिथे पडतात. कोड चालतो, सर्किटचं कार्ड यंत्राला लागतं. वर्षभराने गिऱ्हाईक म्हणतं की यात एक सेन्सर वाढवून द्या, आणि तेव्हा ती फाइल वाचायला बसलेला माणूस दोन दिवस नुसता ‘इथे काय चाललंय’ हेच शोधत राहतो.

मांडणी हा सजावटीचा भाग आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या एकेक आज्ञा थेट लिहायच्या भाषेत, ते अजिबात खरं नाही. सी भाषेत महिरपी कंस असतात, ‘इफ’ असतं, ‘व्हाइल’ असतं; लूप कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे भाषाच दाखवते. असेंब्लीत लूप, अट आणि सबरूटीन (बोलावून वापरायचा कोडचा तुकडा) तिन्ही सारख्याच दिसतात. एकाखाली एक आज्ञांची उतरंड, मध्ये कुठेतरी एक जंप, म्हणजे दुसऱ्या ओळीवर उडी. कोडचा आकार भाषा दाखवत नाही, तो लिहिणाऱ्याने दाखवायचा असतो. असेंब्लर, म्हणजे हा मजकूर यंत्राच्या बाइटांत उतरवणारा प्रोग्रॅम, मोकळ्या जागा, नावं आणि शेरे वाचतो आणि टाकून देतो. यंत्रात जाणाऱ्या हेक्स फाइलमध्ये त्यांतला एक बाइटही उतरत नाही. म्हणजे ही सगळी मेहनत फक्त माणसासाठी असते, आणि ती केली नाही तर यंत्र कधीच तक्रार करत नाही.

पुढच्या उदाहरणांत आज्ञा लॅबमध्ये तोंडाने म्हणतात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत आणि नावंही समजायला सोपी पडावीत म्हणून मराठी ठेवली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये दोन्ही रोमन अक्षरांतच टाइप करायची.

रकाने कुठे पाडायचे

एका ओळीत चार भाग: लेबल, आज्ञा, ऑपरंड (आज्ञा कशावर चालायची ते), शेरा. सर्वांत जास्त चालणारी मांडणी अशी: लेबल पहिल्या अक्षरापासून, आज्ञा ९व्या अक्षरापासून, ऑपरंड १७व्यापासून आणि शेरा ४१व्यापासून. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. टॅबचा जुना थांबा दर ८ अक्षरांनी असतो. त्यामुळे ८, १६ आणि ४० अक्षरं सोडली की हेच रकाने मिळतात. लेबल सात अक्षरांहून मोठं झालं तर त्याला स्वतंत्र ओळ द्या आणि आज्ञा खालच्या ओळीवर ९व्या अक्षरापासूनच सुरू करा. लेबल लांब आहे म्हणून आज्ञेचा रकाना उजवीकडे ढकलू नका. एक ओळ सरकली की डोळ्याची धाव तुटते.

रकान्यांची ही सवय छिद्रं पाडलेल्या पंच कार्डांपासून आली; एका कार्डावर कोडची एक ओळ. आयबीएमचं १९२८चं कार्ड ८० रकान्यांचं होतं. आयबीएमच्याच सिस्टिम ३६० या संगणकाच्या असेंब्लरमध्ये नाव पहिल्या रकान्यापासून, आज्ञा १०व्यापासून, ऑपरंड १६व्यापासून लिहायची रीत होती. ७२व्या रकान्यात खूण असली तर ओळ पुढच्या कार्डावर चालू, आणि ७३ ते ८० मध्ये अनुक्रमांक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तरी परत लावता यावा. जकार्ड मागावर चादर विणणाऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. तिथेही एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा, कार्डं क्रमाने ओवलेली, आणि एक छिद्र चुकलं की नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत तोच दोष. चुकलेलं कार्ड हाताशी लागायला क्रम नीट हवा, हे दोन्हीकडे सारखंच.

आता टॅब की स्पेस. लिहिणाऱ्याच्या एडिटरमध्ये टॅब ८चा असतो, वाचणाऱ्याच्या एडिटरमध्ये ४चा, आणि फाइलमध्ये टॅब-स्पेसची मिसळ असेल तर सगळे रकाने वाकडेतिकडे होतात. नवीन फाइल असेल तर फक्त स्पेस वापरा आणि एडिटरला ‘टॅबच्या जागी स्पेस टाक’ असं सांगून ठेवा. जुनी फाइल पूर्ण टॅबची असेल तर टॅबच चालू ठेवा. मिसळ मात्र करू नका.

मोकळी जागा काही असेंब्लरमध्ये अर्थही बदलते, आणि इथे नवा माणूस हमखास फसतो. आयबीएमच्या मेनफ्रेम असेंब्लरमध्ये ऑपरंडच्या भागात स्पेस आली की ऑपरंड संपला असं धरलं जातं आणि पुढचं सगळं शेरा समजलं जातं. म्हणून तिथे स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. ८०८५, ८०५१ (इंटेलचाच मायक्रोकंट्रोलर) किंवा इंटेलच्या पुढच्या प्रोसेसरच्या असेंब्लरमध्ये स्वल्पविरामानंतर एक स्पेस सोडणं वाचायला बरं. दुसरा सापळा पहिल्या रकान्याचा. पहिल्या अक्षरापासून जे सुरू होईल ते लेबल, असं मानणारे असेंब्लर आहेत. त्यांत आज्ञा डावीकडे चिकटवली की ती आज्ञा राहतच नाही. नॅस्म या असेंब्लरमध्ये आणखी एक गंमत होते. लेबलापुढे अपूर्णविराम (:) सक्तीचा नसल्यामुळे, एकटी आज्ञा टाइप करताना अक्षरं उलटसुलट झाली, म्हणजे सबरूटीनमधून परतवणाऱ्या ‘आरईटी’ऐवजी ‘आरटीई’ पडलं, तर नॅस्म त्याला लेबल समजतो, एक इशारा देतो आणि पुढे जातो. फाइल तयार होते, पण सबरूटीन परतत नाही, खालच्या सबरूटीनमध्ये घसरते. लेबलापुढे प्रत्येक वेळी अपूर्णविराम द्या आणि इशारे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही सवयी मिळून ही चूक पकडतात.

एक उदाहरण जवळून

समजा दिवसभराच्या तापमानाच्या २४ नोंदी मेमरीत २०५०एच (शेवटचा ‘एच’ म्हणजे हेक्स आकडा) या पत्त्यापासून आहेत आणि सरासरीसाठी त्यांची बेरीज हवी आहे. घाईत लिहिलेला कोड असा दिसतो:

    एलएक्सआय एच,२०५०एच
    एमव्हीआय सी,२४
    एक्सआरए ए
    एल१:ॲड एम ;एम मिळवा
    आयएनएक्स एच ;एच वाढवा
    डीसीआर सी ;सी कमी करा
    जेएनझेड एल१
    एचएलटी

इथे ‘एम’ म्हणजे एचएल या जोडीतल्या पत्त्यावरचा बाइट, डीसीआर एकाने कमी करतो आणि जेएनझेड म्हणजे ‘निकाल शून्य नसेल तर उडी’. यात तीन गोष्टी लपल्या आहेत आणि मांडणीमुळेच लपल्या आहेत. पहिली: मे महिन्यात सोलापुरात नोंद ४०च्या आसपास धरली तर २४ नोंदींची बेरीज ९६० होते. ए रजिस्टर (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) ८ बिटांचा, त्यात २५५च्या वर मावत नाही. ९६० म्हणजे ०३सी०एच. वरचा ०३ वाहून जातो आणि हातात उरतो सी०एच, म्हणजे १९२. भागिले २४ केलं की सरासरी ८ अंश. इथे आकडा इतका चुकीचा आहे की लगेच कळतं. दाब किंवा मीटर मोजणाऱ्या यंत्रात तो पटेल असा येऊ शकतो आणि महिनोन्‌महिने तसाच चालतो.

दुसरी गोष्ट २४ या आकड्याची. असेंब्लरमध्ये नुसता २४ म्हणजे दशमान चोवीस. पण लॅबमधल्या शिकाऊ किटच्या कीबोर्डवर सगळं हेक्समध्ये जातं. तिथे २४ दाबलं की ते ३६ होतं आणि १२ कचऱ्याचे बाइट बेरजेत शिरतात. किटवर ०ई १८ असं जायला हवं. तिसरी गोष्ट शेऱ्यांची. ‘सी कमी करा’ हे आज्ञाच सांगते. सी म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही.

तेच काम नीट मांडून:

    ; ------------------------------------------------------
    ; बेरीज: ८ बिटांच्या नोंदींची १६ बिटांत बेरीज
    ; घेते     : एचएल = पहिल्या नोंदीचा पत्ता
    ;            सी   = नोंदींची संख्या, १ ते २५५
    ;            (सी = ० दिल्यास २५६ फेऱ्या होतात)
    ; देते     : डीई  = बेरीज
    ; बिघडवते : ए, सी, एचएल, फ्लॅग
    ; स्टॅक    : परतीच्या पत्त्याखेरीज काही नाही
    ; ------------------------------------------------------
    बेरीज:
            एलएक्सआय   डी, ०      ; बेरीज शून्यापासून
    पुढची:
            मूव्ह        ए, ई
            ॲड         एम         ; खालचा बाइट + नोंद
            मूव्ह        ई, ए       ; मूव्हने फ्लॅग बदलत नाही
            जेएनसी     बिनहातचा
            आयएनआर    डी         ; हातचा वरच्या बाइटात
    बिनहातचा:
            आयएनएक्स   एच
            डीसीआर     सी
            जेएनझेड    पुढची
            आरईटी

आणि वर, फाइलच्या सुरुवातीला (ईक्यूयू म्हणजे आकड्याला नाव देणं):

    नोंदी_पत्ता   ईक्यूयू   २०५०एच
    नोंदी_संख्या  ईक्यूयू   २४         ; दर तासाला एक

ओळी वाढल्या, पण आता बेरीज कुठे ओसंडते आणि हातचा कुठे जातो हे बघणाऱ्याला दिसतं. फ्लॅग म्हणजे आधीच्या हिशोबाचा निकाल (शून्य आला का, हातचा आला का) जपणारे बिट, आणि जेएनसी म्हणजे ‘हातचा नसेल तर उडी’. ‘मूव्हने फ्लॅग बदलत नाही’ हा शेरा नसता तर ॲड आणि जेएनसी यांच्या मध्ये आलेली मूव्ह बघून पुढचा माणूस थबकला असता, किंवा वाईट म्हणजे त्याच जागी फ्लॅग बदलणारी एखादी आज्ञा घालून मोकळा झाला असता. शून्य दिल्यावर २५६ फेऱ्या होतात, हेही कोडमध्ये सरळ दिसत नाही. डीसीआर शून्यातून एक वजा करून एफएफएच करतो, ते शून्य नाही, म्हणून लूप चालूच राहतं. हे एका ओळीत लिहून ठेवलं की पुढे तासभर वाचतो.

शेरा कशासाठी

आज्ञा ‘काय’ सांगते. शेऱ्याने ‘का’ सांगायचं. ही एक ओळ लक्षात राहिली तरी अर्धं काम होतं. पण ‘का’ कुठे कुठे लिहावाच लागतो, याची यादी अनुभवातून ठरलेली आहे आणि तिच्यात फ्लॅग पहिल्या क्रमांकावर येतात.

८०८५मध्ये डीसीआर शून्य फ्लॅग बदलतो, पण डीसीएक्स बदलत नाही. आधी २४ नोंदी होत्या, आता ३०० झाल्या, म्हणून कोणी मोजणी सी ऐवजी बीसी जोडीत घेतो, डीसीआर सी खोडून डीसीएक्स बी लिहितो आणि खालची जेएनझेड तशीच ठेवतो. आता जेएनझेड बघतो तो फ्लॅग आधीच्याच कुठल्यातरी आज्ञेने ठेवलेला. लूप भलत्याच फेरीला थांबेल किंवा कधीच थांबणार नाही. बरोबर कोड असा:

            डीसीएक्स    बी         ; फ्लॅग बदलत नाही!
            मूव्ह        ए, बी
            ओआरए      सी         ; बीसी शून्य झाली का, ते इथे कळतं
            जेएनझेड    पुढची

इथे शेरा नसेल तर मधल्या दोन ओळी निरुपयोगी वाटतात आणि ‘कोड आटोपशीर करण्याच्या’ भरात कोणीतरी त्या उडवतो. शिवाय या दोन ओळींनी ए बिघडतो. तो आधीच बिघडवते या यादीत असेल तर ठीक, नसेल तर लगेच टाका.

वेळेचा लूप ही दुसरी जागा. डीसीआर सी ला ४ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके), जेएनझेड उडी मारते तेव्हा १० आणि मारत नाही तेव्हा ७. सी मध्ये २५५ घातले तर लूप २५५ × १४ − ३ = ३५६७ टी-स्टेट घेतो; ३ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला सुमारे १.१९ मिलिसेकंद. हा हिशोब लूपच्या वर पूर्ण लिहा, घड्याळाच्या आकड्यासकट. नुसतं ‘१ मिलिसेकंद थांबा’ लिहिलं तर क्रिस्टल (घड्याळाचे ठोके ठरवणारा भाग) बदलल्यावर नवा आकडा काढायला सगळं पहिल्यापासून मोजावं लागतं.

शेरे ४१व्या अक्षरापासून एका रेषेत ठेवायचे ते एवढ्यासाठी की नुसता उजवा रकाना वरून खाली वाचला तरी गोष्ट कळावी. चांगल्या फाइलची ही परीक्षाच समजा: आज्ञा हाताने झाका आणि फक्त शेरे वाचा. मोठं स्पष्टीकरण असेल तर ते ओळीच्या शेवटी कोंबू नका, त्या तुकड्याच्या वर स्वतंत्र ओळीत लिहा. आणि शेरा सुरू करायचं चिन्ह असेंब्लरप्रमाणे बदलतं: नॅस्म, मॅस्म आणि ८०५१च्या असेंब्लरमध्ये अर्धविराम; ग्नूच्या असेंब्लरमध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी #, ३२ बिटांच्या आर्मसाठी @, ६४ बिटांच्या आर्मसाठी //. एका ठिकाणचा कोड दुसरीकडे उचलताना आधी हेच तपासायचं असतं.

सबरूटीनचा माथा आणि पुश-पॉप

वरच्या उदाहरणात सबरूटीनच्या डोक्यावर जो चौकोन आहे, तो असेंब्लीतला सर्वांत कामाचा नियम आहे, आणि इतर सगळं सोडून एकच गोष्ट पाळायची असेल तर हीच पाळा. घेते, देते, बिघडवते, स्टॅक (परतीचे पत्ते आणि तात्पुरते आकडे एकावर एक ठेवायची मेमरी). त्यातही ‘बिघडवते’ ही ओळ. सबरूटीनला बोलावणाऱ्याला तिच्या पोटात शिरून प्रत्येक आज्ञा वाचायला लागू नये, यासाठी ती आहे. आत एखादं रजिस्टर नव्याने वापरलं तर त्याच बैठकीत माथ्यावरची ओळ बदला. जुनी, चुकीची ओळ ही ओळ नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विसंबतो.

८०५१ असेल तर माथ्यावर आणखी दोन गोष्टी: कोणती रजिस्टर बँक (आर० ते आर७ या रजिस्टरांचा संच) धरली आहे आणि स्टॅक पॉइंटर (स्टॅकचा वरचा पत्ता) कुठे आहे. रीसेटनंतर स्टॅक पॉइंटर ०७एच असतो, म्हणजे पहिला पुश (स्टॅकवर ठेवलेला बाइट) ०८एचवर पडतो. तोच पत्ता बँक १च्या आर०चा आहे. फाइलच्या सुरुवातीला स्टॅक पॉइंटर हलवला नाही आणि इंटरप्टमध्ये (मध्येच येणाऱ्या तातडीच्या कामात) बँक १ वापरली, तर स्टॅक आणि रजिस्टर एकमेकांवर लिहितात. दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि शोधणारा हार्डवेअरवर संशय घेत बसतो.

पुश आणि पॉप (स्टॅकवरून परत उचलणं) आरशातल्यासारखे मांडा. आत शिरताना सगळे पुश एकत्र, बाहेर पडताना सगळे पॉप उलट्या क्रमाने एकत्र, आणि बाहेर पडायची वाट एकच. मधूनच आरईटी केली की एखादा पॉप राहतो. ८०८५मध्ये आरईटी म्हणजे स्टॅकच्या वरचे दोन बाइट उचलून त्यांना पत्ता समजणं. पॉप राहिला असेल तर ते दोन बाइट म्हणजे बीसीमधली एखादी मोजणी असते, आणि प्रोसेसर त्या ‘पत्त्यावर’ निघून जातो. मध्येच बाहेर पडायचं असेल तर शेवटच्या ‘परत’ या लेबलावर उडी मारा.

आरईटी किंवा बिनशर्त जंप आली की खाली एक कोरी ओळ सोडा. त्या ओळीच्या पुढे वरून सरळ कोणी येत नाही, हे डोळ्याला तिथेच कळतं. तसंच पाच-सहा आज्ञांच्या प्रत्येक कामानंतर एक कोरी ओळ, परिच्छेद पाडतो तशी.

नावं आणि आकडे

एल१, एल२, एल३ अशी लेबलं देऊ नका. दोन महिन्यांनी मध्ये एक तुकडा घालावा लागतो आणि मग एल२ए, एल२बी सुरू होतं. लेबलाने ‘इथे काय होतं’ हे सांगावं: वाट_पाहा, पुढची_नोंद, भरलं. जुन्या काही असेंब्लरमध्ये नावाला सहाच अक्षरांची मुभा असते. तिथे आखडतं घ्यावं लागतं, पण मग काय आखडलं त्याची यादी फाइलच्या डोक्यावर द्या. छोट्या लूपसाठी स्थानिक लेबलांची सोय असेल तर वापरा: नॅस्ममध्ये टिंबाने सुरू होणारं नाव वरच्या मोठ्या लेबलापुरतं मर्यादित राहतं. कॅपिटल की लहान लिपी, हा वाद मोठा चालतो पण त्यात फारसा अर्थ नाही. एक ठरवा. फक्त लहान-मोठ्या लिपीच्या फरकावर दोन वेगळी नावं करू नका, कारण काही असेंब्लर तो फरक मानतात आणि काही मानत नाहीत.

जंपसाठी ‘$+५’ असं लिहिण्याची एक वाईट सवय आहे. ‘इथून पाच बाइट पुढे’. ते पाच बाइट लिहिणाऱ्याने त्या दिवशी मोजलेले असतात. मध्ये एक दोन बाइटांची आज्ञा वाढली की उडी दुसऱ्याच आज्ञेच्या पोटात पडते. तिथे लेबल द्या.

आकड्यांचं म्हणाल तर कोडच्या पोटात नुसता आकडा दिसला की विचारा, हा बदलू शकतो का? ८२५५ या पोर्टच्या चिपचंच घ्या. एका किटवर तिचे पत्ते एक असतात, दुसऱ्या किटवर दुसरे. आउट ०३एच असं दहा ठिकाणी लिहिलं असेल तर दहाही शोधावे लागतात, आणि नऊच सापडतात. वर एकदाच ईक्यूयूने नाव दिलं की एक ओळ बदलते. त्याच चिपचा कंट्रोल वर्ड ८०एच म्हणजे सगळे पोर्ट आउटपुट, ९०एच म्हणजे पोर्ट ए इनपुट आणि बाकी आउटपुट. हेक्समध्ये हे पाठ असावं लागतं. १००१००००बी असं लिहिलं तर कुठला बिट चढलाय ते दिसतं. म्हणून साधा रिवाज: पत्ते हेक्समध्ये, मोजण्या दशमानात, बिटांचे मुखवटे (निवडक बिट पकडणारे आकडे) बायनरीत. आणि अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्स आकड्याच्या पुढे शून्य हवंच. एफडीएच लिहिलं तर असेंब्लर त्याला नाव समजतो. ०एफडीएच लिहिलं तर आकडा. ८०५१मध्ये # विसरणं हा त्याच जातीचा अपघात: मूव्ह ए, #३०एच म्हणजे ए मध्ये ३०एच हा आकडा, # नसेल तर ३०एच या पत्त्यावर जे असेल ते. असेंब्लरला दोन्ही मान्य असतं.

हिशोबाने आलेला आकडा असेल तर हिशोबच लिहा. ८०५१ला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर एक मशीन सायकल १ मायक्रोसेकंदाची; ५० मिलिसेकंदांसाठी ५०००० सायकल मोजायच्या, म्हणून टायमरमध्ये ६५५३६ − ५०००० = १५५३६, म्हणजे ३सीबी०एच घालतात. कोडमध्ये नुसते ३सीएच आणि ०बी०एच दिसले तर कोणाला काय कळणार? त्याऐवजी −५००००चा वरचा आणि खालचा बाइट असेंब्लरकडूनच काढून घ्या. (६५५३६ हा आकडा १७ बिटांचा असल्याने काही जुने असेंब्लर तो घेत नाहीत, १६ बिटांत −५०००० तेच उत्तर देतो.) आता समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या यंत्राच्या कार्डावर सिरियल पोर्ट जोडायचा ठरला आणि त्यासाठी क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा बसवला. ५० मिलिसेकंदांना आता ४६०८० सायकल लागतात. जुना आकडा तसाच राहिला तर प्रत्येक ‘५०’ मिलिसेकंद ५४.२५ होतात आणि त्यावर चालणारं घड्याळ तासाला साडेचार मिनिटांहून जास्त मागे पडतं. हिशोब फाइलच्या डोक्यावर नावानिशी लिहिला असता तर क्रिस्टल बदलणाऱ्याला तो तिथेच दिसला असता.

शेरे मराठीत लिहावेत का

लिहावेत, जर ती फाइल सांभाळणारे सगळे मराठी वाचणारे असतील. मोडकं इंग्रजी लिहून अर्थ हरवण्यापेक्षा ‘हातचा वरच्या बाइटात’ हे केव्हाही बरं. पण फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत) मध्ये ठेवा आणि सुरुवातीची बीओएम खूण (ही पद्धत सांगणारे अदृश्य बाइट) नको, कारण जुने असेंब्लर पहिल्याच ओळीवर ‘अनोळखी अक्षर’ म्हणून अडतात. यूटीएफ-१६ तर चालतच नाही. तिथे प्रत्येक रोमन अक्षरामागे एक शून्य बाइट येतो आणि असेंब्लरला एकही आज्ञा ओळखू येत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे ओळीच्या लांबीवर बंधन असलेल्या असेंब्लरमध्ये मराठी शेरा लवकर मर्यादा गाठतो. तिथे तो स्वतंत्र ओळींत तोडा. नावं आणि लेबलं मात्र रोमनमध्येच.

जुनी फाइल नीट करताना

चालू यंत्रावरचा कोड मांडणीसाठी हातात घ्यायला लोक घाबरतात, आणि घाबरणं बरोबर आहे. पण असेंब्लीत एक सोय आहे जी दुसरीकडे इतक्या सहज मिळत नाही: मांडणी बदलून हेक्स फाइल बदलायलाच नको, आणि हे बाइट-बाइट तपासता येतं.

आधी मूळ फाइल बाजूला ठेवा, त्याच असेंब्लरच्या त्याच आवृत्तीने असेंबल करा आणि ती हेक्स फाइल यंत्रात चालू असलेल्या कोडशी जुळते याची खात्री करा. इथेच कधी कधी कळतं की हातातली फाइल ती नव्हेच. मग फक्त मोकळ्या जागा आणि रकाने लावा. पुन्हा असेंबल करा, दोन हेक्स फाइली ताडून पाहा. विंडोजवर एफसी /बी, लिनक्सवर सीएमपी. ऑब्जेक्ट फाइल ताडू नका, तिच्यात वेळ-तारीख शिरलेली असू शकते. एकही फरक नसेल तर ती पायरी गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नोंदवा. मग लेबलांची नावं, एका वेळी एक, ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय लावून. नाही तर एल१ बदलताना एल१०, एल११ही बदलतात. प्रत्येक नावानंतर पुन्हा ताडा. लॉजिकमधला बदल, अगदी एका ओळीचा असला तरी, या नोंदींत मिसळू नका. तो वेगळा. दोन्ही एकत्र केले की शेकडो बदललेल्या ओळींत ती एक खरी ओळ सापडत नाही.

शेवटी आकड्यांना नावं द्या, आणि इथे मात्र हेक्स फाइलचा आधार संपतो. २०एच हा एका ओळीत पोर्टचा पत्ता असतो आणि दुसऱ्या ओळीत डिस्प्लेवर पाठवायची कोरी जागा, कारण आस्कीमध्ये स्पेसचा कोड २०एच आहे. ‘सगळीकडे बदला’ दाबून दोन्ही ठिकाणी पोर्टचं नाव टाकलं तरी बाइट तेच निघतात आणि तुलना बिनचूक येते. चूक तिथे झोपून राहते आणि पोर्टचा पत्ता बदलाल त्या दिवशी डिस्प्लेवर मोकळ्या जागेऐवजी भलतंच अक्षर उमटतं. त्यामुळे प्रत्येक २०एच ज्या ओळीत आहे ती ओळ वाचा, तो पत्ता आहे की अक्षर ते ठरवा, आणि मगच त्या एका जागी नाव टाका.